लग्नसराई, जत्रा आणि शिकवणी: ट्रम्पेटवाल्यानं ओठ राखायचा कसा?

पिस्टन_तीन

नमस्कार मंडळी. मी बेळगाव-शहापूरचा. ट्रम्पेट वाजवणं हाच माझा व्यवसाय, वडिलांचाही हाच होता. तुळशीचं लग्न लागलं की आमची धावपळ सुरू होते ती ज्येष्ठ सरेपर्यंत. मार्गशीर्षात लग्नं. पौषात मुहूर्त नसतात, तर शाळावाले धरतात, कारण २६ जानेवारीचं संचलन तोंडावर. माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, सौंदत्तीची भारत हुण्णिमे म्हणजे माघी पौर्णिमेची यात्रा, शिवाय गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा. वैशाखात पुन्हा लग्नं आणि त्यातच आपली शिवजयंती नि चित्ररथ. आज संकेश्वर, उद्या चंदगड, परवा फोंडा.

सकाळी अंगणात पोरं शिकायला येतात. अक्षता दुपारच्या असतात, म्हणजे त्याआधी कार्यालयाच्या दारात ड्रेस घालून उभं राहायचं. ते आटोपलं की टेंपोत बसून दुसऱ्या गावची हळद, नाहीतर वरात. जेवण मिळेल तेव्हा.

ज्यांनी हे वाद्य हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रम्पेटला पिस्टन तीनच. ते वेगवेगळे दाबून नळीच्या सात लांब्या मिळतात, बस्स. एकही पिस्टन न दाबता सा निघतो, प निघतो, वरचा सा आणि त्याच्यावरचा गसुद्धा निघतो. कुठला निघणार ते ओठाच्या ताणावर आणि फुंकेवर. त्यामुळे ओठ थकला की बोटं कितीही चालोत, सूर येत नाही. वैशाखाच्या मध्यावर माझा वरचा ओठ माउथपीसच्या कडेखाली सुजतो, गोल वण दिवसभर जात नाही, आणि वरचे सूर फाटायला लागतात.

वडिलांच्या वेळी पद्धत ठरलेली होती. शिकवायचं ते चातुर्मासात, आणि सीझनला पोरगं बँडपार्टीत उभं राहूनच शिकायचं. माझं मत वेगळं आहे. सीझनमध्ये शिकवणी बंद ठेवली तर पोरं परत येत नाहीत, डॉल्बीच्या गाडीवर जातात. पण शिकवायचं म्हणजे वाजवून दाखवावं लागतं, आणि तिथं सकाळीच अर्धा ओठ खर्च होतो. तुम्ही काय करता? वाजवणारे, शिकवणारे, पालक, सगळ्यांनी लिहा.

---

येळ्ळूरकर

पहिला नंबर माझा! मास्तर, नवरदेवाच्या मामानं कपाळाला नोट चिकटवली की ओठाची सूज उतरते असं ऐकलंय, खरं काय?

---

निवृत्त_बिगुलर

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त झालो. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो, आता कॅम्पात राहून एका शाळेचा बँड बघतो. मास्तरांचा प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ओठ म्हणजे स्नायू. जितका वेळ वाजवलं तितकी विश्रांती, हा आम्हाला पहिला धडा. वरातीत हे जमत नाही असं सगळे म्हणतात. जमतं. दोन ट्रम्पेट असतील तर दोघांनी एकाच वेळी मुखडा वाजवू नये. एकानं मुखडा घ्यावा, दुसऱ्यानं माउथपीस ओठावरून काढून नाकानं श्वास घेत उभं राहावं. अंतरा क्लॅरनेटला द्यावा. लोकांना वाटतं सगळे एकदम फुंकतात तेव्हाच आवाज होतो, पण थकलेले चार ट्रम्पेट एका ताज्या ट्रम्पेटपुढं टिकत नाहीत.

दुसरं, दाब. वरचा सूर लागेना की आपण वाद्य ओठावर आवळतो. त्यानं रक्त थांबतं आणि ओठ कंप पावेनासा होतो. वरचा सूर हवेच्या वेगावर काढायचा, डाव्या हाताच्या जोरावर नाही. पोरांना मी वाद्य तळहातावर आडवं ठेवायला लावतो, मूठ आवळू देत नाही, आणि तसंच सूर काढायला सांगतो. दाबच देता येत नाही.

तिसरं, रात्री वाद्य पेटीत टाकण्याआधी खालचे लांब सूर हळू वाजवा. सुजलेल्या ओठाला त्यानं आराम पडतो. बर्फाचा खडा नको.

आणि शिकवणीचं. वाजवून दाखवायची गरज मुळात कमी आहे. गाऊन दाखवा. ज्या पोराला सूर गाता येत नाही त्याला तो ओठानं शोधता येत नाही. सुरुवातीला हातात नुसता माउथपीस द्या, मग बिगूल. बिगुलाला पिस्टन नाहीत, नेहमीच्या वापरात पाचच सूर, ते सगळे ओठानं काढायचे. बिगूल पक्का झालेल्या पोराला ट्रम्पेट लवकर येतं.

---

खानापूरकर

काका, तुमच्या अनुभवापुढं मी लहान आहे, पण बिगुलाचं पटलं नाही. पलटणीत जवान हुकमावर बसतो. आमच्याकडं येणारं पोरगं शाळा सुटल्यावर सायकल मारत येतं. त्याला महिनाभर पाच सूर वाजवायला लावा, दुसऱ्या महिन्यात ते क्रिकेटच्या मैदानावर दिसेल. पहिल्या महिन्यात गणपतीची आरती निघाली पाहिजे. घरचे ऐकतात, आजी दृष्ट काढते, मग पोरगं टिकतं. ओठाची बैठक नंतर घडवता येते.

---

निवृत्त_बिगुलर

खानापूरकर, बैठक नंतर घडत नाही, मोडावी लागते. गाल फुगवून आरती वाजवणारं पोरगं मी पंधराव्या वर्षी हातात घेतो तेव्हा त्याला आणि मला दोघांनाही रडू येतं. आरती वाजवू दे, माझी ना नाही. पण रोज आधी माउथपीस, मग आरती.

---

टिळकवाडीची_आई

मी वाजवणारी नाही, पालक आहे. माझी मुलगी आठवीत. शाळेच्या बँडमध्ये तिला ट्रम्पेट हवंय आणि ती हट्टाला पेटली आहे. दोन अडचणी आहेत. एक, तिच्या दातांना तारा लावल्यात. दोन, सासूबाई म्हणतात, "मुलीनं फुंकायचं वाद्य घेऊ नये, छातीवर ताण येतो." माझा स्वतःचा विरोध नाही. जाणकारांनी सांगावं.

---

खानापूरकर

ताई, छातीच्या ताणाचं मनातून काढून टाका. गणपतीत रस्त्यावर बघा, ढोल-ताशा पथकात मुली तासन्‌तास कमरेला ढोल बांधून असतात.

---

निवृत्त_बिगुलर

ताई, तारांचं खरं आहे, ओठ आतून कापतो. दंतवैद्याकडं मेण मिळतं, ते तारेवर लावून वाजवता येतं. पण त्या काळात वरचे सूर मागायचे नाहीत, वेळही थोडाच. किंवा तारा निघेपर्यंत युफोनियम द्या. त्याचा माउथपीस मोठा आणि खोल असतो, ओठावर दाब कमी पडतो, पिस्टनही सारखेच दाबायचे. पुढं ट्रम्पेटवर यायला शिकलेलं वाया जात नाही. आणि दम म्हणाल तर तो छातीच्या आकारावर नसतो. आपल्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व क्षयानं एक फुप्फुस निकामी झाल्यावरही गायले आणि साऱ्या देशानं ऐकलं. श्वास कुठं घ्यायचा आणि किती वापरायचा, हे शिकण्यात सगळं आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

अथणीकर

कुमारांचं नाव निघालं, आता धागा शास्त्रीय संगीताकडं वळणार!

---

निपाणी_पार्टीवाला

वळू देत नाही. मी पार्टीचा मालक, मुक्काम निपाणी. वाजवणारा ओठाचं बोलतो, मी रस्त्याचं बोलतो, कारण सीझनचा निम्मा त्रास रस्त्यात आहे.

आमचं गिऱ्हाईक हद्द मानत नाही. पोरगी गडहिंग्लजची, मुलगा चिकोडीचा. हळद महाराष्ट्रात, अक्षता कर्नाटकात. सीमाप्रश्न तापला की हद्दीवरच्या कोगनोळीपाशी बसगाड्या थांबतात. आमचा टेंपो खासगी, तरी मनात धाकधूक असतेच. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याजवळ हायवेवर बंदोबस्त आणि मोर्चे, आणि नेमक्या त्याच दिवसांत मार्गशीर्षाच्या दाट तिथ्या. म्हणून मी अधिवेशनाच्या काळात बेळगावच्या दक्षिणेकडची दुपारची आणि उत्तरेकडची संध्याकाळची अशा दोन सुपाऱ्या एका दिवशी धरतच नाही. लोभ सोडला की वाजवणाऱ्याला जेवायला वेळ मिळतो. उपाशी पोटी दम लागत नाही आणि भरल्या पोटी फुंक बसत नाही, मध्ये तासभर हवाच.

माझ्या पार्टीत निम्मे कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. क्लॅरनेटवाला गोकाककडचा. अथणीकडं वरात असली की त्याच्या यादीतली गाणी, कोल्हापूरकडं असली की ट्रम्पेटच्या यादीतली. तालमीत एकमेकांना गाऊन शिकवतात. पिस्टन_तीन, तुमच्यासारखा शिकवणारा माणूस मला सीझनच्या आधी आठवडाभर द्या, पगार देतो.

---

येळ्ळूरकर

निपाणीकर, तासभर मध्ये ठेवला तर लग्नातल्या जिलेब्या संपतात हो!

---

पुण्यातला_कडोलीकर

कडोली सोडून बरीच वर्षं झाली, पण वरातीत ट्रम्पेट ऐकला की आजही पाय थांबतात. आता सुट्टीला गावी आलो की डॉल्बीनं घराच्या काचा थरथरतात. मला वाटतं कायदा बँडच्या बाजूनं आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी, बँडला नाही. मग पार्ट्यांनी याचा फायदा का घेऊ नये?

---

गणपत_गल्ली

कडोलीकर, थोडी दुरुस्ती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, तेव्हा मुख्य भर ध्वनिवर्धकावर होता. २०१० च्या दुरुस्तीनं त्यात वाद्यंही आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ट्रम्पेटसुद्धा वाजवता येत नाही, बंदिस्त सभागृहाची गोष्ट निराळी. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही ठरावीक दिवशी. मला तर हा नियम वाजवणाऱ्याच्या फायद्याचा वाटतो. वरात दहाला संपली पाहिजे असं मालकानं सुपारी घेतानाच सांगावं. ओठही वाचेल.

---

निपाणी_पार्टीवाला

सांगतो की! पण नवऱ्याचे मित्र "अजून एक, अजून एक" करत समोर नाचत राहतात, तेव्हा नियम सांगायला पोलीसच लागतो.

---

शिंगवाला

ट्रम्पेटचा धागा आहे, तरी आमचंही लिहितो, कारण आम्हीही फुंकणारेच. मी चंदगडच्या बाजूचा, शिंग वाजवतो. पालखी उठताना, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, आता लग्नाच्या स्वागतालासुद्धा आम्हाला बोलावतात. शिंगाला भोकं नाहीत, पिस्टन नाहीत. पितळी दोन तुकडे जोडलेले, वर वळलेलं तोंड. दोन-तीन सूर, तेवढ्यात देवाला आणि माणसाला उठवायचं.

आमचा सीझन वाईट अशासाठी की आम्हाला कार्यालयाच्या दारात उन्हात उभं करतात आणि पाहुण्यांची गाडी दिसली की "वाजव" म्हणतात. ओठ गरम करायला वेळच नाही. एकदम वरचा सूर मारायचा, मग अर्धा तास गप्प, मग पुन्हा मारायचा. बिगुलर काका, ह्यावर काही उपाय?

शिकवणीचं म्हणाल तर आमच्याकडं पोरगं येतच नाही. सनई-चौघड्याचं काम गुरव-घडशांच्या घरात चालत आलं, शिंगाचंही तसंच घराघरातून. आता घरातली पोरं कारखान्यात. मी जातीबाहेरच्या दोन पोरांना शिकवायला घेतलंय. गावात थोडी कुजबुज झाली, पण देवळाच्या ट्रस्टीनं पाठीशी राहून सांगितलं, वाजतं राहिलं पाहिजे.

---

निवृत्त_बिगुलर

शिंगवाले भाऊ, तुम्ही पोरं घेतलीत याचा मनापासून आनंद झाला. उपाय असा: गाडीची वाट बघत असताना वाद्य न लावता ओठ फुरफुरवत राहा, घोडा करतो तसं. आवाज होत नाही, रक्त फिरतं राहतं. आणि पहिली फुंक खालच्या सुरावर घेऊन मग वर चढा.

---

चोर्ला_पलीकडे

मी साखळीचा, बेळगावच्या पार्ट्यांबरोबर वाजवतो, म्हणून पलीकडची गोष्ट सांगतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. त्या शिक्षणाच्या जोरावर गोंयकार वादक मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. अल्डोन्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत वाजवत सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. कान त्याचा होताच, पण कागद वाचता येत होता म्हणून एका दिवसात नवं गाणं उभं करता यायचं.

माझं म्हणणं: सीझनमध्ये शिकवणी बंद करू नका, पण त्या महिन्यांत फुंकायचं शिकवूच नका. नोटेशन शिकवा. त्याला मास्तरांचा ओठ लागत नाही, फळा आणि खडू पुरतो. बी फ्लॅटचा ट्रम्पेट कागदावरचा सा वाजवतो तेव्हा पेटीवर तो काळी पाच का निघतो, हे पोराला चार महिन्यांत कळलं तरी खूप झालं. पावसाळा लागला की वाद्य हातात.

---

खानापूरकर

हे मात्र पटलं. आमच्या पार्टीत पेटीवाला आणि ट्रम्पेटवाला यांच्यात दर लग्नात "तुझा सा कुठला, माझा सा कुठला" म्हणून भांडण असतं.

---

हुक्केरीचा_गुरुजी

सगळे कलेबद्दल लिहितायत, मी वर्गातलं लिहितो. "सीझनला पोरगं पार्टीत उभं राहून शिकतं" ही पद्धत वरवर चांगली दिसते. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलात, आणि लग्नाच्या तिथ्या त्याच सुमारास. माझ्या वर्गातला एक मुलगा एका पार्टीत झांज धरून जायचा. मालक म्हणायचा, शिकतोय. रात्री उशिरा परत, सकाळी बाकावर डोकं टेकून झोप. शिकला काय? झांज आणि सामान उचलणं. त्याच्या हातात ट्रम्पेट कधी दिलंच नाही, आणि हिशेबाच्या वेळी "तू शिकाऊ आहेस". मी घरी जाऊन आईवडिलांशी बोललो, तेव्हा ते थांबलं.

म्हणून पिस्टन_तीन, तुम्ही पोरांना बरोबर नेणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवा: परीक्षेच्या काळात नाही, रात्रीच्या वरातीला नाही, आणि उभं केलं तर पैसे द्यायचे.

---

निपाणी_पार्टीवाला

गुरुजी, सगळे मालक तसे नसतात. पण तुमचं म्हणणं खोटंही नाही. शिकाऊ म्हणून फुकट राबवायची रीत आमच्या धंद्यात आहे आणि ती जायला हवी. मी दहावीचं पोर घेत नाही.

---

अथणीकर

मध्येच एक तांत्रिक प्रश्न. थंडीत पहाटेच्या काकड्याला माझे पिस्टन अडकतात. घरात खोबरेल आहे, तेच घालतो.

---

निवृत्त_बिगुलर

अहो, खोबरेल थंडीत गोठतं! डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं बघा, पांढरं घट्ट. तेच पिस्टनच्या भिंतीवर होतं. पिस्टनचं पातळ तेल मिळतं तेच घाला. पिस्टन बाहेर काढून मऊ कापडानं पुसा, दोन थेंब घाला, आणि जो नंबर ज्या नळीतून काढला तिथंच परत बसवा. मेरठच्या जली कोठीतून वाद्यं येतात तिथूनच तेलाची बाटली मागवता येते.

थंडीचंच आणखी एक. गार हवेत वाद्य उतरतं, उन्हात चढतं. कॅसिओ मात्र जिथल्या तिथं. मे महिन्यात दुपारी वाद्य चढलं की पोरं ओठ ढिला करून सूर खाली ओढतात आणि तासाभरात थकतात. त्यापेक्षा ट्यूनिंगची नळी थोडी बाहेर ओढायची. ओठाला जे काम नळी करू शकते ते ओठाकडून करून घेऊ नये.

---

पिस्टन_तीन

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या सुपारीत बिगुलर काकांचं ऐकून मुखडे वाटून घेतले. सोबतचा ट्रम्पेटवाला आधी नाराज झाला, त्याला वाटलं मी त्याला गप्प बसवतोय. वरात संपताना शेवटचं गाणं दोघांनी मिळून वाजवलं तेव्हा वरचा सा दोघांचाही स्वच्छ लागला, मग हसला.

शिकवणीचं ठरवलंय. सीझनमध्ये बंद करणार नाही. सकाळी चोर्लावाल्यांच्या सांगण्याप्रमाणे फळ्यावर नोटेशन, गायन आणि माउथपीस. खानापूरकर, आठवड्यातून एक दिवस आरतीही. त्या दिवशी मी सुपारी घेणार नाही, म्हणजे ओठ पोरांसाठी मोकळा. पार्टीत न्यायचं ते फक्त शिवजयंतीच्या मिरवणुकीत आणि गावातल्या हळदीला, दिवसाउजेडी, परीक्षा संपल्यावर, आणि गुरुजी, पैसे देऊन.

एका बाबतीत वडिलांची बाजू घेतो. रस्त्यावर जे शिकायला मिळतं ते फळ्यावर नाही. नवरीची गाडी निघते आणि आई रडायला लागते, तेव्हा चालू गाणं कुठं थांबवायचं आणि कुठलं उचलायचं, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पोरांना नेणार, पण वाजवायला नेणार. सामान मोठी माणसं उचलतील.

टिळकवाडीच्या ताई, मुलीला शनिवारी सकाळी घेऊन या. माझ्याकडं जुनं युफोनियम आहे, चेपलंय पण सूर शाबूत.

---

टिळकवाडीची_आई

येतो. सासूबाईही येणार म्हणतात, त्यांना बघायचंय. माउथपीस विकत आणायचा का आधी? कुठला नंबर?

---

पिस्टन_तीन

युफोनियमचा वाद्याबरोबरच आहे, काही आणू नका. पुढं ट्रम्पेटवर आली की सात सी घेऊ, नवशिक्यांना तो बरा पडतो. जुना, वापरलेला माउथपीस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, कड झिजलेली असते, ओठ कापतो.

---

शिंगवाला

मास्तर, शनिवारी माझी दोन पोरं पाठवली तर चालतील? नोटेशन त्यांच्याही कानावर पडू दे. चंदगडहून सकाळची एसटी आहे.

---

पिस्टन_तीन

पाठवा. एसटी उशिरा आली तरी थांबतो.